महामारीकाळातील हृदय व रक्तवाहिनी शस्त्रक्रिया : दादर–परळ परिसर

श्वसनमार्गाने पसरणाऱ्या व्हायरसजन्य रोगाची जागतिक साथ चालू असताना हृदय, महारोहिणी (हृदयापासून निघणारी मुख्य रक्तवाहिनी) व अन्य रक्तवाहिन्या यांवर कराव्या लागणाऱ्या शस्त्रक्रिया, त्यांतील विशेष धोके, त्यांचा अग्रक्रम ठरविण्याची पद्धत आणि त्या पुढे ढकलल्यामुळे होणारे परिणाम यांचा समावेश या विषयात होतो. हृदयाच्या शस्त्रक्रियेत रुग्णाची फुप्फुसे, रक्ताची क्लथनशक्ती (गोठण्याची शक्ती) व प्रतिरक्षा यंत्रणा या तिन्हींवर ताण पडतो. श्वसनरोगाचा व्हायरस नेमका याच तीन ठिकाणी आघात करतो. शिवाय या शस्त्रक्रियेस लागणारे श्वसनयंत्र, अतिदक्षता विभागातील खाट, भूलतज्ञ, प्रशिक्षित परिचारिका व रक्तपेढीतील रक्त यांचीच साथीच्या रुग्णांनाही गरज असते. त्यामुळे अशा काळात कोणती शस्त्रक्रिया ताबडतोब करावी आणि कोणती थांबवावी, हा प्रश्न वैद्यकाबरोबरच न्यायाचाही होतो. मुंबईतील दादर व त्यालगतचे परळ या भागांत हा प्रश्न २०२०–२२ या काळात विशेष तीव्रतेने उभा राहिला. कारण भारतातील हृदय-शस्त्रक्रियेचे एक आद्य केंद्र येथेच आहे आणि कोविड-१९ या रोगाची झळ प्रथम लागलेल्या दाट वस्त्याही याच परिसराला लागून आहेत.

पार्श्वभूमी : या परिसराची घडण मुळातच साथीच्या रोगांशी निगडित आहे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ उद्‌भवल्यावर दाट वस्तीची फेररचना करण्यासाठी १८९८ मध्ये मुंबई नगर सुधार मंडळ (इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट) स्थापन झाले. रुंद रस्ते, मोकळी मैदाने व हवेशीर घरे असलेली दादर–माटुंगा योजना ही त्याच मंडळाची निर्मिती होय. व्ल्ड्यीमिर हाफकिन यांची प्लेग प्रयोगशाळा १८९९ मध्ये परळच्या जुन्या राजभवनात हलविण्यात आली. तीच पुढे हाफकिन संस्था म्हणून प्रसिद्धीस आली. १९१८ च्या जून महिन्यात गोदीत पहाऱ्यावर असलेले काही पोलीस शिपाई तापाने आजारी पडले आणि इन्फ्ल्यूएंझाच्या जागतिक साथीने मुंबईत प्रवेश केल्याचे स्पष्ट झाले. दुसऱ्या लाटेत ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवशी शहरात ७६८ मृत्यूंची नोंद झाली. त्या काळी हृदयावर शस्त्रक्रिया करणे ही कल्पनाही वैद्यकात रूढ नव्हती. हृदयविकार असलेल्या माणसाला फ्ल्यू झाला, तर विश्रांती, डिजिटॅलिस व शुश्रूषा यांपलीकडे देण्यासारखे काही नव्हते.

सेठ गोरधनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय व त्याला जोडलेले किंग एडवर्ड स्मारक (के. ई. एम.) रुग्णालय १९२५–२६ मध्ये परळ येथे मुंबई महानगरपालिकेने सुरू केले. येथे भारतीय अध्यापकांचीच नेमणूक व्हावी, ही देणगीदारांची अट होती. १९२९ मध्ये शेजारी बाई जेरबाई वाडिया बालरुग्णालय व १९४१ मध्ये टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले. मध्य व पश्चिम या दोन्ही रेल्वेमार्गांना जोडणारे दादर हे स्थानक जवळच असल्यामुळे कोकण, पश्चिम महाराष्ट्र, खानदेश, तसेच उत्तर प्रदेश व बिहार येथून येणारे रुग्ण दादरला उतरून परळला जातात. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा व परळची नाना पालकर स्मृती समिती यांसारख्या संस्थांमुळे गरीब रुग्ण व त्यांचे नातेवाईक यांना निवारा मिळतो. रेल्वे, धर्मशाळा व महानगरपालिकेचे रुग्णालय या तिन्हींच्या आधारावरच येथील हृदय-शस्त्रक्रिया सामान्य माणसाच्या आवाक्यात आली, ही गोष्ट पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

हृदय-शस्त्रक्रियेचा उदय : के. ई. एम. रुग्णालयात हृदय व रक्तवाहिन्या यांवरील शस्त्रक्रियेचा पाया प्रफुल्लकुमार सेन (१९१५–८२) यांनी घातला. संधिज्वरामुळे संकोच पावलेली द्विदल झडप रुंद करणे ही या विभागाची प्रारंभीची मुख्य शस्त्रक्रिया होती. सेन, किनारे, परुळकर आदींनी महारोहिणीच्या मधल्या भागाच्या संकोचनाविषयीचे संशोधन १९६३ मध्ये प्रसिद्ध केले. रोहिण्यांच्या भित्तींच्या दाहामुळे त्या अरुंद होण्याचा हा विकार भारतातील तरुण रुग्णांत, विशेषतः स्त्रियांत, आढळतो आणि त्याच्या अभ्यासात परळच्या शाळेने मोलाची भर घातली आहे. हृद्‌स्नायूला छिद्रे पाडून थेट रक्तपुरवठा करण्याचा सेन यांचा प्रयोग १९६५ मध्ये प्रसिद्ध झाला. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या हृद्‌स्नायूस कोटरातील रक्तच थेट मिळते, या निरीक्षणावर तो आधारलेला होता.

१६ फेब्रुवारी १९६८ रोजी सेन यांनी भारतातील पहिले हृदयारोपण केले. मानवी हृदय मानवात आरोपित करण्याची जगातील ही सहावी शस्त्रक्रिया होती. रुग्ण काही तासच जगला. त्याच वर्षी सप्टेंबरात केलेल्या दुसऱ्या आरोपणातील रुग्णही अल्पकाळातच दगावला. फुप्फुसातील रक्तवाहिन्यांचा वाढलेला रोध नव्या हृदयाच्या उजव्या बाजूस पेलवला नाही, हे अपयशाचे मुख्य कारण मानले जाते. जगातील पहिल्या हृदयारोपणाची कथाही अशीच आहे. केप टाउन येथे ३ डिसेंबर १९६७ रोजी क्रिस्त्यान बर्नार्ड यांनी ज्याच्यावर हे आरोपण केले, तो रुग्ण १८ दिवसांनी न्यूमोनियाने मरण पावला. आरोपित हृदय त्या वेळी चालू होते; परंतु शरीराने ते नाकारू नये म्हणून दिलेल्या औषधांनी त्याची प्रतिरक्षा क्षीण झाली होती. हृदय-शस्त्रक्रियेचे यश फुप्फुसांवर अवलंबून असते, हा धडा या प्रारंभीच्या प्रयत्नांतूनच मिळाला.

योगायोग असा, की १९६८ च्या जुलैमध्ये हाँगकाँग येथे एच३एन२ या इन्फ्ल्यूएंझा व्हायरसाची नवी जागतिक साथ सुरू झाली आणि काही महिन्यांतच ती आशिया, यूरोप व अमेरिका या खंडांत पसरली. मात्र त्या वेळी जगातील हृदय-शस्त्रक्रियेची केंद्रे मोजकी होती व रुग्णसंख्या लहान होती. त्यामुळे साथ आणि शस्त्रक्रिया यांचा मोठ्या प्रमाणावर सामना झाला नाही. २००९ मध्ये एच१एन१ व्हायरसाची साथ आली, तेव्हा भारतातील पहिला मृत्यू पुणे येथे ३ ऑगस्ट रोजी नोंदला गेला. त्या साथीत मरणासन्न फुप्फुसरोग्यांसाठी शरीराबाहेर रक्ताचे ऑक्सिजनीकरण करणाऱ्या यंत्राचा (एक्मो) उपयोग जगभर वाढला. हे यंत्र हृदय-शस्त्रक्रियेतील हृदय-फुप्फुस यंत्राचेच अपत्य होय. नियोजित शस्त्रक्रिया सरसकट थांबविण्याची वेळ मात्र त्याही साथीत आली नाही.

श्वसनरोग व हृदय-शस्त्रक्रिया यांचा परस्परसंबंध : हृदय उघडून करावयाच्या शस्त्रक्रियेत हृदयाचे ठोके थांबवून रक्ताभिसरण हृदय-फुप्फुस यंत्राकडे सोपवितात. जॉन गिबन यांनी १९५३ मध्ये हे यंत्र मानवावर प्रथम यशस्वी रीत्या वापरले. यंत्राच्या नळ्यांच्या कृत्रिम पृष्ठभागाशी रक्ताचा संपर्क येताच शरीरभर दाहप्रतिक्रिया चेतविली जाते. फुप्फुसे तेवढा वेळ निष्क्रिय राहतात व नंतर त्यांत द्रव साचण्याची प्रवृत्ती असते. निरोगी फुप्फुसांना हा आघात सोसतो. परंतु ती आधीच व्हायरसाने ग्रासलेली असली, तर शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला श्वसनयंत्रावरून काढणे दुरापास्त होते.

कोविड-१९ चा सार्स-कोव्ह-२ हा व्हायरस एसीई-२ या ग्राहीला चिकटून पेशीत शिरतो. ही ग्राही फुप्फुसांप्रमाणेच हृद्‌स्नायूत व रक्तवाहिन्यांच्या भित्तींतही असते. रक्तवाहिन्यांचा अंतःस्तर दुखावल्याने रक्ताच्या गुठळ्या होतात. हृद्‌स्नायूचा दाह, हृदयगतीची अनियमितता व तीव्र हृद्‌निष्फलता हे विकारही आढळतात. म्हणजेच ज्या रुग्णाला शस्त्रक्रियेची निकड आहे, त्याचाच या रोगाने मृत्यू होण्याचा संभव अधिक असतो.

प्रारंभी या धोक्याची कल्पना पुरेशी नव्हती. वूहान येथे रोगाच्या परिपाककाळात (संसर्गापासून लक्षणे दिसेपर्यंतच्या काळात) अजाणतेपणे शस्त्रक्रिया झालेल्या ३४ रुग्णांचा अहवाल २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांपैकी १५ जणांना अतिदक्षता विभागात हलवावे लागले व ७ जण मृत्यू पावले. त्यानंतर २४ देशांतील २३५ रुग्णालयांतून जमविलेल्या १,१२८ संसर्गित शस्त्रक्रिया-रुग्णांच्या माहितीवरून असे दिसले, की ३० दिवसांतील मृत्युप्रमाण २३.८ टक्के होते आणि निम्म्याहून अधिक रुग्णांत फुप्फुसविषयक उपद्रव उद्‌भवले. हे आकडे सर्व प्रकारच्या शस्त्रक्रियांचे आहेत. मार्च २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ११६ देशांतील १,४०,२३१ रुग्णांच्या पाहणीतून संसर्गानंतर किती काळ थांबावे, याचे उत्तर मिळाले. संसर्ग झाल्यापासून पहिल्या सहा आठवड्यांत शस्त्रक्रिया केल्यास मृत्युप्रमाण चार टक्क्यांच्या आसपास राहते. सात आठवडे उलटल्यावर ते संसर्ग न झालेल्या रुग्णांइतके, म्हणजे सु. १.५ टक्के, होते. मात्र लक्षणे टिकून असलेल्या रुग्णांत धोका त्यानंतरही कायम राहतो.

दादर–परळ परिसरातील साथ : जागतिक आरोग्य संघटनेने ११ मार्च २०२० रोजी कोविड-१९ ही जागतिक साथ असल्याचे जाहीर केले. त्याच दिवशी मुंबईत पहिले रुग्ण आढळले. १७ मार्च रोजी चिंचपोकळीच्या कस्तुरबा रुग्णालयात शहरातील पहिला मृत्यू झाला. २२ मार्चच्या मध्यरात्रीपासून उपनगरी रेल्वेची प्रवासी वाहतूक थांबली आणि २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागू झाली. १ एप्रिल रोजी धारावीत पहिला रुग्ण सापडला. धारावी, दादर व माहीम हे तिन्ही भाग महानगरपालिकेच्या एकाच जी-उत्तर विभागात मोडतात. त्यामुळे दादरच्या मध्यमवर्गीय इमारती व धारावीच्या झोपड्या यांची आरोग्यव्यवस्था एकाच प्रशासनाखाली होती.

रुग्णालयांत उपचार करणारेच संसर्गाचे बळी ठरू लागल्याने संकट अधिक गडद झाले. मुंबई सेंट्रल भागातील एका खाजगी रुग्णालयात एप्रिलच्या प्रारंभी २६ परिचारिका व ३ डॉक्टर बाधित आढळले आणि ते प्रतिबंधित क्षेत्र म्हणून घोषित झाले. दादरमध्ये सहकारी तत्त्वावर चालणाऱ्या शुश्रूषा रुग्णालयातील दोन परिचारिका बाधित आढळल्यावर तेथेही काही काळ नवे रुग्ण घेणे थांबले. नायर हे महानगरपालिकेचे मोठे रुग्णालय एप्रिल २०२० मध्ये केवळ कोविड-रुग्णांसाठी राखून ठेवण्यात आले. परिणामी अन्य रोग्यांचा भार के. ई. एम. व शीव येथील रुग्णालयांवर आला. मात्र त्यांनाही कोविड-कक्ष चालवावे लागत होते. सु. १,८०० खाटांच्या के. ई. एम. रुग्णालयात निरनिराळ्या विभागांतील निवासी डॉक्टर आळीपाळीने कोविड-कक्षात काम करू लागले. साहजिकच नियमित शस्त्रक्रियांची सूची आखडली.

रेल्वे बंद झाल्याचा परिणाम दुहेरी झाला. कल्याण, विरार, पनवेल येथून येणारे कर्मचारी बेस्ट व एस. टी. च्या गाड्यांनी कसेबसे पोहोचू लागले. १५ जून २०२० पासून अत्यावश्यक सेवेतील कर्मचाऱ्यांसाठी गाड्या सुरू झाल्या. सामान्य प्रवाशांना १ फेब्रुवारी २०२१ पर्यंत वाट पाहावी लागली आणि दुसऱ्या लाटेत ती मुभाही पुन्हा काढून घेण्यात आली. दूरच्या जिल्ह्यातील रुग्णाला तर परळला येणेच अशक्य झाले. कृत्रिम झडप बसविलेल्या रुग्णाला रक्त पातळ ठेवणारे औषध आयुष्यभर घ्यावे लागते व त्याची मात्रा ठरविण्यासाठी रक्ताची वरचेवर तपासणी करावी लागते. मात्रा कमी पडल्यास झडपेवर गुठळी होऊन ती अडकते, जास्त झाल्यास रक्तस्राव होतो. ही तपासणी चुकणे म्हणजे आधी यशस्वी झालेली शस्त्रक्रिया धोक्यात येणे होय. शस्त्रक्रियेच्या सूचीत नाव नसलेल्या रुग्णांवरही साथीने असा परिणाम केला.

रक्ताचा तुटवडा ही आणखी एक अडचण होती. महाविद्यालये, कचेऱ्या व सार्वजनिक मंडळे यांची रक्तदान शिबिरे बंद पडली. हृदय-शस्त्रक्रियेस रक्ताबरोबरच रक्तद्रव व बिंबिका (प्लेटलेट) यांचीही गरज असते. त्यांतील बिंबिका पाच दिवसांहून अधिक काळ साठविता येत नाहीत. त्यामुळे दात्यांचा ओघ खंडित झाला, की शस्त्रक्रियेची तारीखही अनिश्चित होते.

अग्रक्रमाची निश्चिती : अनेक देशांतील व्यावसायिक संघटनांप्रमाणे भारतातील हृदय-वक्ष शस्त्रक्रियाविशारदांच्या संघटनेनेही २०२० मध्ये मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. सर्वसाधारणपणे रुग्णांचे तीन वर्ग करण्यात आले. पहिल्या वर्गात तत्काळ शस्त्रक्रिया न केल्यास मृत्यू ओढवेल असे रुग्ण येतात. महारोहिणीच्या भित्तीचे थर अलग होण्याच्या विकारात हृदयालगतचा भाग फाटला असल्यास पहिल्या दोन दिवसांत दर तासाला मृत्यूचा धोका सु. एक ते दोन टक्क्यांनी वाढतो, असे परंपरेने मानले जाते. तेथे तपासणीच्या निष्कर्षाची वाट पाहणेही परवडत नाही; रुग्ण बाधित आहे असे गृहीत धरून पूर्ण संरक्षक पोशाखात शस्त्रक्रिया करावी लागते. दुसऱ्या वर्गात काही दिवस किंवा आठवडे थांबता येईल असे रुग्ण मोडतात. उदा., डाव्या मुख्य हृद्-रोहिणीचे तीव्र संकोचन किंवा विश्रांतीतही उठणारी छातीतील कळ. तिसऱ्या वर्गात लक्षणे स्थिर असलेले रुग्ण येतात.

ही विभागणी कागदावर सुटसुटीत असली, तरी व्यवहारात तिच्या सीमा अस्थिर असतात. महारोहिणी झडपेच्या तीव्र संकोचनाचा रुग्ण वर्षानुवर्षे ठीक दिसतो. परंतु हृद्‌निष्फलतेची लक्षणे उमटल्यावर शस्त्रक्रियेविना त्याचे सरासरी आयुष्य दोन वर्षांच्या आसपासच उरते, हे रॉस व ब्राउनवाल्ड यांनी १९६८ मध्येच दाखविले होते. मार्चमध्ये तिसऱ्या वर्गात असलेला असा रुग्ण जूनमध्ये पहिल्या वर्गात पोहोचू शकतो. म्हणून सूची एकदाच तयार करून भागत नाही. दूरध्वनीवरून विचारपूस करून ती पुनःपुन्हा तपासावी लागते. ज्या रुग्णाकडे दूरध्वनी नाही, अथवा ज्याला दम लागणे म्हणजे काय हे सांगता येत नाही, तो या पद्धतीत मागे पडतो. या मर्यादेची जाणीव या काळात प्रकर्षाने झाली.

इटलीतील लाँबर्डी प्रांताने वेगळा मार्ग अवलंबिला. तेथील २० हृदय-शस्त्रक्रिया केंद्रांपैकी ४ केंद्रांत तातडीच्या शस्त्रक्रिया एकवटण्यात आल्या आणि उरलेल्या केंद्रांची साधनसामग्री कोविड-रुग्णांसाठी मोकळी करण्यात आली. मुंबईत असे औपचारिक केंद्रीकरण झाले नाही. सार्वजनिक रुग्णालये एकाच आवारात दोन्ही प्रकारच्या रुग्णांची सोय करीत राहिली आणि प्रवेशद्वारे, उद्वाहने व कक्ष वेगळे करण्यावर भर राहिला.

शस्त्रक्रियागृहातील बदल : श्वासनालात नळी घालणे, अन्ननलिकेतून हृदयाचे प्रतिध्वनिचित्र घेणे व श्वासमार्गातील स्राव ओढून काढणे या क्रियांमुळे सूक्ष्म तुषार हवेत पसरतात. त्यामुळे नळी घालताना भूलतज्ञ व एक साहाय्यक यांखेरीज इतरांनी बाहेर थांबण्याची प्रथा पडली. नेहमीच्या शस्त्रक्रियागृहात हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा अधिक ठेवतात, म्हणजे बाहेरचे जंतू आत शिरत नाहीत. बाधित रुग्णासाठी याच्या उलट, आतील हवा बाहेर जाऊ नये म्हणून, दाब कमी ठेवणे इष्ट ठरते. जुन्या इमारतींत हा बदल करणे सोपे नसते. संरक्षक पोशाख, दुहेरी हातमोजे व चेहऱ्यावरील पारदर्शक ढाल घालून तासन्‌तास काम करताना विशारदाचे भिंग धूसर होते, सहकाऱ्यांचे बोलणे नीट ऐकू येत नाही आणि मुंबईच्या दमट हवेत घामाने शक्तिपात होतो. केसाहून बारीक धाग्याने रोहिणी शिवण्याच्या कामात या अडचणी क्षुल्लक नव्हत्या.

हृदयविकाराच्या झटक्यावरील उपचारांतही तात्पुरता बदल झाला. एरवी अडलेली हृद्-रोहिणी फुग्याच्या नलिकेने ताबडतोब उघडणे हा श्रेष्ठ उपाय मानतात. साथीच्या प्रारंभी, रुग्ण बाधित असल्यास किंवा त्याची स्थिती अज्ञात असल्यास, गुठळी विरघळविणारे औषध नीलेतून देण्याचा सल्ला भारतीय हृद्‌रोगतज्ञांच्या संघटनेने दिला. तपासणी जलद होऊ लागल्यावर पूर्वीची पद्धत पुन्हा रूढ झाली.

रक्तवाहिन्यांवरील शस्त्रक्रिया : कोविड-१९ च्या रुग्णांत हातापायांच्या रोहिण्यांत गुठळी अडकून रक्तपुरवठा एकाएकी बंद पडण्याचे प्रकार वाढले. अवयव थंड व फिकट पडतो, नाडी लागत नाही, वेदना असह्य होते आणि सु. सहा तासांत रक्तप्रवाह पूर्ववत न केल्यास स्नायूंची कायम हानी होऊन कोथ होतो. लाँबर्डीतील एका पाहणीत रक्तवाहिनी-शस्त्रक्रियेच्या विभागात आलेल्या अशा रुग्णांचे प्रमाण २०१९ मधील १.८ टक्क्यांवरून २०२० च्या पहिल्या तिमाहीत १६.३ टक्क्यांवर गेले. एरवी फुग्याच्या नलिकेने गुठळी ओढून काढल्यावर अवयव बहुधा वाचतो. येथे मात्र सु. तीस टक्के शस्त्रक्रिया अयशस्वी ठरल्या, कारण अंतःस्तर दुखावलेल्या रोहिणीत नवी गुठळी पुन्हा होत असे. हेपारीन हे क्लथनरोधी औषध शस्त्रक्रियेनंतरही चालू ठेवण्याची आवश्यकता यातून प्रस्थापित झाली. मूत्रपिंडे निकामी झालेल्या रुग्णांच्या रक्तशुद्धीसाठी हातातील रोहिणी व नीला जोडण्याची छोटी शस्त्रक्रियाही थांबविता येण्याजोगी नसते, कारण आठवड्यातून दोन-तीनदा होणारी रक्तशुद्धी याच जोडणीतून करतात.

बालरुग्ण : लहान मुलांना कोविड-१९ सामान्यतः सौम्य होतो. तथापि संसर्गानंतर काही आठवड्यांनी थोड्या मुलांत अनेक इंद्रियांचा दाह उत्पन्न होतो. २०२० च्या मध्यापासून मुंबईतील वाडिया व अन्य रुग्णालयांत असे रुग्ण आढळले. यात हृद्-रोहिण्या रुंदावतात व हृद्‌स्नायू दुर्बल होतो. उपचार मुख्यतः औषधांचेच असतात. जन्मजात हृद्‌दोषाच्या बाबतीत काळाचे भान सर्वांत अधिक ठेवावे लागते. महारोहिणी व फुप्फुस रोहिणी यांची अदलाबदल झालेल्या अर्भकावर पहिल्या काही आठवड्यांतच शस्त्रक्रिया केली पाहिजे. तो काळ टळला, तर डावे कोटर दुर्बल होते आणि नंतर तीच शस्त्रक्रिया पेलवत नाही. अशा अर्भकाला साथ ओसरेपर्यंत थांबविणे म्हणजे उपचार नाकारण्यासारखेच असते.

लांबणीचे परिणाम : साथीच्या पहिल्या लाटेतील बारा आठवड्यांत जगभरात सु. २ कोटी ८० लक्ष नियोजित शस्त्रक्रिया रद्द किंवा स्थगित होतील, असा अंदाज मे २०२० मध्ये करण्यात आला होता. भारतातील १८७ रुग्णालयांच्या पाहणीत मार्च ते जून २०२० या काळात हृदयविकाराच्या झटक्याने दाखल होणाऱ्या रुग्णांची संख्या आदल्या वर्षाच्या तुलनेत एक तृतीयांशाहून अधिक घटल्याचे दिसले. झटके तेवढ्या प्रमाणात कमी झाले असावेत, असे मानण्यास आधार नाही. वाहनाचा अभाव, संसर्गाची भीती व रुग्णालयात एकटे पडण्याची धास्ती यांमुळे पुष्कळ जण घरीच राहिले. उशिरा आलेल्या रुग्णांत हृद्‌स्नायू फाटणे, कोटरांमधील पडद्याला भोक पडणे यांसारखे उपद्रव आढळतात. झटक्यानंतर त्वरित उपचार मिळू लागल्यापासून हे उपद्रव विरळ झाले होते. मृत दात्यांच्या अवयवदानासही साथीची झळ पोहोचली. मुंबईत २०२० मधील अशा दात्यांची संख्या २०१९ च्या निम्म्याहून खाली आली. हृदयारोपणाला दुसरा दाता नसल्याने प्रतीक्षायादीतील रुग्णांना त्याचा थेट फटका बसला.

उत्तरकाळ : सप्टेंबर २०२० मध्ये के. ई. एम. रुग्णालयात कोव्हिशील्ड लशीच्या चाचणीस प्रारंभ झाला आणि १६ जानेवारी २०२१ पासून आरोग्यसेवकांचे लसीकरण सुरू झाले. दुसऱ्या लाटेत ४ एप्रिल २०२१ रोजी मुंबईत एका दिवसात ११,१६३ नवे रुग्ण नोंदले गेले. शस्त्रक्रियांची सूची पुन्हा आखडली आणि ऑक्सिजनचा पुरवठा ही मुख्य चिंता झाली. दादर पश्चिमेतील कोहिनूर वाहनतळावर मे २०२१ मध्ये वाहनात बसूनच लस घेण्याचे केंद्र उघडले. चालणे कठीण झालेल्या वृद्धांना व हृद्‌रोग्यांना त्याची सोय झाली. जानेवारी २०२२ च्या तिसऱ्या लाटेत दैनिक रुग्णसंख्या याहूनही अधिक, ७ जानेवारीस २०,९७१, झाली. परंतु लसीकरणामुळे व व्हायरसाच्या सौम्य प्रकारामुळे अतिदक्षता विभागावरील ताण मर्यादित राहिला. ५ मे २०२३ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने आणीबाणी संपल्याचे जाहीर केले.

सेन यांच्या प्रयत्नानंतर भारतात हृदयारोपण दीर्घकाळ झाले नाही. मेंदूमृत्यूला कायद्याची मान्यता देणारा अवयवरोपणाचा अधिनियम १९९४ मध्ये संमत झाला व त्याच वर्षी ३ ऑगस्टला दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत पी. वेणुगोपाल यांनी देशातील पहिले यशस्वी हृदयारोपण केले. मुंबईत ते २०१५ मध्ये मुलुंड येथील खाजगी रुग्णालयात झाले. के. ई. एम. रुग्णालयात जुलै २०२४ मध्ये, म्हणजे ५६ वर्षांनी, हृदयारोपण पुन्हा करण्यात आले. साथीत खंडित झालेली शस्त्रक्रियेची घडी पूर्ववत बसल्याचे हे एक गमक मानता येईल.

मूल्यमापन : साथीच्या काळात शस्त्रक्रिया केल्याने होणारे मृत्यू रुग्णालयाच्या नोंदीत दिसतात, न केल्याने होणारे मृत्यू बहुधा गावी, घरी होतात आणि त्यांचे कारण साथीच्या खाती जमा होत नाही. या विषमतेमुळे शस्त्रक्रिया थांबविण्याचा निर्णय प्रत्यक्षाहून निर्धोक भासण्याचा संभव असतो. दादर–परळच्या अनुभवावरून पुढील साथीसाठी काही गोष्टी स्पष्ट होतात. साथीच्या रुग्णांपासून वेगळे असे निदान एक शस्त्रक्रियागृह व अतिदक्षता कक्ष प्रत्येक मोठ्या सार्वजनिक रुग्णालयात राखून ठेवणे. प्रतीक्षायादीचा ठरावीक मुदतीने फेरविचार करणे. झडप बसविलेल्या रुग्णांची रक्ततपासणी त्यांच्या तालुक्यातच करण्याची सोय करणे. आणि वाहतूक बंद करताना रुग्ण व रुग्णालयीन कर्मचारी यांच्या प्रवासाची व्यवस्था आधी करणे, या त्यांपैकी प्रमुख होत. यांतील पहिल्या दोन गोष्टी रुग्णालयाच्या हाती आहेत. उरलेल्या दोन्ही रुग्णालयाच्या भिंतींबाहेरच्या शासनव्यवस्थेवर अवलंबून राहतात.